गमछ्याचे तीन फेरे

हा किस्सा चारचौघांत सांगायचा नाही, अशी कमलनं मला शपथ घातली आहे. कमल म्हणजे आमच्या सौभाग्यवती. पण तुम्ही काय चारचौघं आहात का? तुम्ही आपली माणसं! शिवाय ती आत्ता शेजारी पापड लाटायला गेली आहे. तेव्हा बसा, आणि चहाचा कप आधी खाली ठेवा. हसता हसता गरम चहा नाकातून आला की फार झोंबतो. अनुभवाचे बोल आहेत.

तर मंडळी, विषाचा थेंब न लागता विषबाधा झालेला, साप न चावता साप चावलेला आणि साखर मुंग्यांना वाटण्याइतकी असताना साखर संपलेला, असा माणूस आमच्या अख्ख्या वरवट बकाल गावात एकच. हे तिन्ही त्याला एकाच संध्याकाळी झालं. तो माणूस तुमच्यासमोर बसला आहे. हात लावून पाहा, जिवंत आहे.

ते बोंडअळीचं वर्ष होतं. बीटी बियाणं नवं आलं तेव्हा आम्हाला सांगितलं होतं, की आता अळी कपाशीकडे मान वळवूनही बघणार नाही. काही वर्षं अळीनं तो शब्द पाळला. मग तिला ते पचायला लागलं. आणि ही गुलाबी अळी फार लबाड बघा! बोंड बाहेरून कसं? हिरवंगार, टपोरं, फोटो काढून सोयऱ्यांना पाठवावं असं. आणि फोडलं, की आत बाईसाहेब पाय पसरून बसलेल्या. त्या हंगामात गावात कोणी कोणाला 'कसं काय' विचारत नव्हतं. 'फोडून पाह्यलं काय?' एवढंच विचारत होते.

त्याच हंगामात माझ्या रक्तात साखर निघाली. खामगावचे डॉक्टर म्हणाले, "गोळ्यांनी भागेल असं वाटत नाही. इन्सुलिन सुरू करावं लागेल. रोज टोचायचं."

रोज! टोचायचं!

आता मी कोणाला भीत नाही. सापाला भीत नाही, भुताला भीत नाही. कमलला भितो, पण तो संसाराचा भाग झाला. सुई मात्र नको. शाळेत लस टोचायला आले होते तेव्हा मी कवठाच्या झाडावर चढलो, तो दिवस मावळताना उतरलो. तेही मुंग्यांनी उतरवलं म्हणून.

मार्ग काढला आमच्या लेकीनं, वैशालीनं. ती पुण्यात नोकरीला. दिवाळीला आली तेव्हा एक डबी घेऊन आली. आत पाच रुपयांच्या जाड्या नाण्याएवढा पांढरा बिल्ला. हा दंडावर चिकटवायचा, तो चौदा दिवस रात्रंदिवस साखर मोजणार आणि आकडा मोबाईलवर पाठवणार. डॉक्टरांशी तिनं करार करून टाकला होता. चौदा दिवसांचा आलेख बरा आला, तर इन्सुलिन नाही. वाईट आला, तर सुई.

"बाबा, बोंड फोडल्याबिगर अळी दिसते काय?" वैशालीनं विचारलं.

"नाई."

"मंग हे तुमचं बोंड फोडून पाहनं हाय. हात इकडं करा."

"याले सुई असते काय व?"

"केसाएवढी."

मी डोळे गच्च मिटले, दात आवळले आणि सातपुड्यापर्यंत ऐकू जाईल असा "आई व!" म्हणून ओरडलो.

"बाबा," वैशाली म्हणाली, "लावून दोन मिनिटं झाले."

ती पुण्याला परत गेली. पण गेली असं आपलं म्हणायचं. कारण बिल्ल्याचा आकडा माझ्या मोबाईलवर यायचा तसा तिच्याही मोबाईलवर जायचा! म्हणजे घास वरवटला गिळायचा आणि ढेकर पुण्यात ऐकू यायचा. भाकर, ठेचा, अंबाडीची भाजी खाल्ली, की आकडा गोठ्यातल्या म्हशीसारखा गप्प बसून राहायचा. पोहे खाल्ले, की उठून पळायचा. की लगेच फोन.

"बाबा, आत्ता काय खाल्लं?"

"पोहे."

"किती?"

"बशीभर."

"कोनती बशी बाबा? आपल्या घरी तर परातीलेही बशी म्हनता तुमी!"

हळूहळू गावालाही कळलं. पारावरून जाताना माणसं कापसाचा भाव विचारावा तसं विचारायची, "काय भाऊ, आज कितीवर हाय?" मीही थांबून मोबाईल काढायचो आणि सांगायचो, "एकशेचाळीस, पन तेजी दिसून राह्यली."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण माझ्या शेताचा रस्ता इस्माईलभाईच्या कढईवरून जातो, त्याला मी काय करू? इस्माईलभाईची जिलेबी तुम्ही खाल्लेली नाही, म्हणून तुम्ही असे शांत बसला आहात.

आणि शेतात तर मला रोज जावंच लागायचं. कामगंध सापळे लावले होते ना! म्हणजे काठीला टांगलेली लांबुळकी पिशवी, वर मादीच्या वासाची गोळी. नर पतंग त्या वासानं येडा होऊन येतो आणि पिशवीत पडतो. रोज किती पडले ते मोजायचं, म्हणजे अळी किती येणार त्याचा अंदाज लागतो. मी रोज पाच वाजता पतंगांच्या मूर्खपणाला हसत घरून निघायचो आणि कढईपाशी आलो की वासानं येडा होऊन थांबायचो.

कमलनं इस्माईलभाईला आधीच ताकीद देऊन ठेवली होती. म्हणून मी म्हणालो, "दोन जिलेब्या बांध. वावरात बाया हायेत येचनीले, त्यायच्यासाठी."

"बाया तर मघाच घरी गेल्या, भाऊ. मेरे सामने से गई."

"एक राह्यली हाय."

पहिले तीन दिवस दोन-दोन जिलेब्या. लिंबाखाली बसून खायच्या, मग उठून सगळं शेत फिरत सापळे मोजायचे, आणि चालत घरी यायचं. आकडा वर जायचा, पण घरी येईस्तोवर उतरायचा. वैशाली विचारायची, "बाबा, साडेपाचले थोडं वर गेलतं. काय होतं?"

"वारं होतं," मी सांगायचो.

पण चोराच्या मनात चांदणं! तो आलेख डॉक्टर बघणार, दर संध्याकाळी साडेपाचला टेकडी दिसणार, आणि आपल्या दंडात सुई जाणार. मला झोप लागेना.

लागली ती रविवारी दुपारी. बिल्ला डाव्या दंडावर, आणि मी डाव्या कुशीवर आडवा. अर्ध्या तासानं मोबाईल किंचाळायला लागला. साखर बासष्ट! दचकून उठून बसलो, घाम फुटला. पण थोड्या वेळानं पाहतो तर एकशे अठ्ठावीस. मी डॉक्टरांना फोन लावला.

"त्या कुशीवर झोपू नका," ते म्हणाले. "बिल्ला दाबला गेला की खोटाच कमी आकडा दाखवतो. दाबायचा नाही."

झालं! डॉक्टरांनी हे 'करू नका' म्हणून सांगितलं. मला ते कृती सांगितल्यासारखं ऐकू आलं.

दुसऱ्या दिवसापासून जिलेबीच्या आधी खांद्यावरचा गमछा काढायचा आणि दंडावर बिल्ल्यावरून आवळायचा. तुम्हाला खोटं वाटेल, पण त्यात मी इतका तयार झालो, की एक फेरा म्हणजे दीडशे, दोन फेरे म्हणजे एकशेदहा. तिसरा फेरा मी सणासुदीसाठी राखून ठेवला होता. आणि एकदा पकडले जायची भीती गेली, की माणूस दोन जिलेब्यांवर थांबतो का? दोनाच्या चार झाल्या, चाराच्या सहा. सापळे मोजणंही राहिलं. बसल्या जागेवरून नजरेनंच मोजायचो.

वैशाली तर खूश! "बाबा, काय मस्त हो! रोज संध्याकाळी कशी छान खाली येते!"

"मनावर ताबा पाह्यजे, बेटा," मी जिलेबी गिळून म्हणायचो.

तेरावा दिवस उजाडला. एक दिवस काढला की मी सुटलो होतो, बरं का! नुसतं भाकर खाऊन गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. पण इस्माईलभाईनं नेमका तेव्हाच ताजा घाणा काढलेला. "भाऊ, आज कितनी बाया हैं?" त्यानं विचारलं.

"लय हायेत," मी म्हणालो. "अर्धा किलो दे."

अर्ध्या किलोला दोन फेरे पुरणार नव्हते. मी तिसरा फेरा काढला. आवळून गाठ मारली. मोबाईल उगाच किंचाळू नये म्हणून त्याचा आवाज बंद करून पिशवीत टाकला. अर्धा किलो संपवली, कागद लिंबाच्या बुडाशी सारला आणि म्हटलं, जरा पाठ टेकू. पाठ टेकली कुठं? डावी कूस टेकली. आणि घोरायला लागलो.

इकडं मी घोरतोय, आणि पुण्यात आकडा उतरतोय! सत्तर. अठ्ठावन्न. सेहेचाळीस. मग आकडाच गेला आणि नुसती धोक्याची लाल पट्टी. वैशालीनं मला फोनावर फोन केले. पिशवीतल्या पिशवीत मोबाईल नुसता थरथरत राहिला. मग तिनं आईला लावला. "आई, बाबांची साखर पार गेली, फोन उचलून नाई राह्यले! कोनालेतरी वावरात पाठव, अन् तू गोड घेऊन नीघ!"

कमलनं आमच्या शेजारच्या शेतातल्या गजाननला फोन लावला. "भाऊजी, हे लिंबाखाली असतीन, पाहा बरं जरा! फोन नाई उचलून राह्यले!" साखरेचं सांगायच्या आत गजानन पळत सुटला होता.

आता इथं तुम्ही गजाननला हसू नका. त्या दिवसांत फवारणीची औषधं जहाल, वारा फिरला की माणूस आडवा. आणि नुसती फवारणीच कशाला! शेतात एकटा माणूस पडलेला दिसला, की त्या वर्षी आमच्याकडे कोणी 'झोपला असंल' म्हणून पुढं जात नसे. गजानन त्या दिवशी सकाळपासून फवारत होता, आणि वारा माझ्या शेताकडे वाहत होता. तो आला. पाहतो तर मी निपचित. डोक्यावर माश्या. ओठाच्या कोपऱ्यातून पिवळा ओघळ.

"भाऊले फवारा लागला रे! धावा!"

आजूबाजूच्या शेतांतून पाच-सहा जण धावले. कृषी खात्याचे साहेब मागच्याच महिन्यात ग्रामपंचायतीत सांगून गेले होते, विषबाधा झाली तर आधी कपडे काढा आणि साबणानं धुवा. सभेत मी स्वतः पहिल्या रांगेत बसून मान डोलावली होती. मला काय माहीत, प्रयोग माझ्यावरच होणार?

मला जाग आली तेव्हा चौघांनी मला हात-पाय धरून विहिरीच्या मोटरीच्या धारेखाली ओढत नेलं होतं. अंगावर पट्ट्यापट्ट्यांची चड्डी तेवढी होती. कपडे धुवायच्या साबणाची अख्खी वडी माझ्या पाठीवर फिरत होती.

"काऊन बे? काय करून राह्यले?" मी ओरडलो.

"बोलू नका भाऊ! दम लागन!"

"अरे मले काही नाई झा..." एवढ्यात वडी तोंडावरून गेली. पुढचे शब्द फेस होऊन निघाले.

"फेस आला! तोंडातून फेस आला रे!" कोणीतरी बोंबललं.

तेवढ्यात गजाननची नजर माझ्या डाव्या दंडावर गेली. तिथं तीन फेरे मारलेला गमछा! आता मला सांगा, शेतात माणूस पडलेला आहे, दंडाला फडकं आवळलेलं आहे. तुम्हाला काय वाटेल? कपाशीत वाढलेल्या कोणालाही जे वाटेल, तेच गजाननला वाटलं.

"फवारा नाई रे! पान लागलं भाऊले! साप! पाहा, सोताच बांधून घेतलं अन् मंग पडले! काय हिंमत म्हनाव मानसाची!"

"गमछा सोडा," मी फेसातून म्हणालो.

"येडे झाले काय? सोडला की जहर वर चढन!" म्हणत त्यानं चौथा फेरा मारला. डॉक्टर नंतर म्हणाले, खरा साप चावला तरी असं करकचून बांधायचं नसतं. पण डॉक्टर तेव्हा खामगावला होते आणि गजानन माझ्या छातीवर.

आणि मंडळी, बिल्ला त्या गमछ्याखाली!

इतक्यात इस्माईलभाईची मोटरसायकल बांधावर आली. मागं कमल. एका हातात मोबाईल, त्यावर वैशालीचा आवाज. दुसऱ्या हातात टोपलंभर जिलेबी. गोड घ्यायला ती घाईत सगळ्यात जवळच्या कढईकडे गेली होती.

"सरका! साखर कमी झाली त्यायची!"

"वहिनी, साप चावला!"

"साखर हाय!"

"साप हाय!"

"आई, दोन्ही असू दे, आधी गोड दे!" मोबाईलमधून वैशाली ओरडली.

कमलनं माझं डोकं मांडीवर घेतलं आणि जिलेबी तोंडात कोंबली. "खा हो, खा! काही होत नाई तुमाले! वैशे, वाढली काय व?"

"नाई आई! पट्टी लालच! अजून दे!"

दुसरी. "आता?"

"अजून नाई!"

तिसरी. चौथी. आधीची अर्धा किलो पोटात बसून वर बघत होती. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा कमल मला स्वतःच्या हातानं जिलेबी भरवत होती, आणि जन्माला आल्यापासून पहिल्यांदा मला जिलेबी नको होती.

मी खरं का सांगितलं नाही म्हणता? अहो, सुई! सांगितलं असतं तर आलेख गेला, करार गेला, दंड गेला. मी मनात हिशेब करत होतो, आणखी दोन खाऊ, मग हळूच बरं वाटल्यासारखं करू. पण मान वर केली, तर कमलचे डोळे भरलेले. एका हातानं जिलेबी भरवायची आणि दुसऱ्या हातानं पदर डोळ्याला लावायचा. 

आणि नेमकं तेव्हा गजानन म्हणाला, "वेळ नका घालवू वहिनी. ऑटो आला. सापाचे दहा इंजेक्शनं तरी द्या लागतीन यायले."

दहा?

मी ताडकन उठून बसलो. "साप नाई! फवारा नाई! साखरही कमी नाई! मी जिलेबी खाल्ली, जिलेबी!"

 गजानननं हळूच माझ्या कपाळाला हात लावला. "जहर डोक्यात गेलं, वहिनी. बरळून राह्यले."

पाहा! पन्नास वर्षं गावाला थापा मारल्या, सगळ्यांनी विश्वास ठेवला. एकदा खरं बोललो, तर दोघांनी माझे पाय धरले आणि दोघांनी खांदे. मला ऑटोकडे नेतात न नेतात, तोच मला वाचवलं एका कागदानं. इस्माईलभाई लिंबाखाली माझे कपडे उचलायला गेला होता. तो कागद हातात धरून परत आला, त्याला लागलेला पाक बोटानं चाटून पाहिला, आणि म्हणाला, "भाभी, ये तो अपनी दुकान की हाय. भाऊनं आज अर्धा किलो नेली. बायाइले म्हनून."

"कोन्या बाया?" कमलनं विचारलं.

या प्रश्नापुढं साप परवडला असता.

मी भडाभडा सगळं सांगितलं. फेरे, आकडे, सगळं.  कमलनं माझ्या दंडावरचा गमछा सोडवला. एक फेरा, दोन, तीन, आणि गजाननचा चौथा. मग सगळे मोबाईलभोवती गोल करून बसले, निवडणुकीचा निकाल ऐकायला बसावं तसे. पुण्याहून वैशाली एकेक आकडा वाचत होती.

"नव्वद... एकशेसत्तर... दोनशे चाळीस... आई, तीनशे दहा! किती खाऊ घातल्या तुमी?"

"मी चार," कमल म्हणाली. "बाकीच्या यायच्या कमाईच्या."

गजानन साबणाची वडी खिशात टाकून निघाला. जाता जाता म्हणाला, "भाऊ, पतंग तरी बरा. तो पिशवीत पडला की गावाले बोलावत नाई."

दोन दिवसांनी आम्ही खामगावला. डॉक्टरांनी आलेख पडद्यावर लावला. पहिले काही दिवस सोडले, तर दर संध्याकाळी एक खड्डा. "हे काय? एवढे खड्डे तर तुमच्या गावच्या रस्त्याला नाहीत," ते म्हणाले. कमलनं सांगितलं. सगळं सांगितलं. चड्डीच्या पट्ट्यांसकट.

डॉक्टर पोट धरून हसले. मग डोळे पुसून त्यांनी पहिल्या दिवसांवर बोट ठेवलं. "हे बघा. इथं तुम्ही दाबत नव्हता. साखर वर गेली, पण तुम्ही शेतात फिरलात आणि ती आपोआप खाली आली. तुमच्या सकाळच्या पोह्यांपेक्षा ही टेकडी लहान आहे! पोहे खाऊन तुम्ही बसून राहता ना? दोन जिलेब्या खायच्या असं मी म्हणत नाही. पण हे असंच चाललं असतं, तर मी इन्सुलिन दिलंच नसतं."

म्हणजे मी जे लपवत होतो, त्यातच मी पास होतो! आणि पास झालेला पेपर मी स्वतःच्या हातानं, स्वतःच्या गमछ्यानं, गाठ मारून नापास केला होता.

"मग आता?" मी विचारलं.

"आता पुन्हा नवा बिल्ला, पुन्हा चौदा दिवस. गमछा घरी ठेवायचा, आणि जेवल्यावर चालायचं." मग त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं. "हे गुडघ्याला काय झालं?"

"मोटरीकडे ओढत नेलं तेव्हा खरचटलं."

"शेतातली माती? सिस्टर, धनुर्वाताचं इंजेक्शन आणा."

दवाखान्याबाहेर कवठाचं झाड असतं तर मी अजून तिथंच असतो.

नव्या बिल्ल्याच्या चौदा दिवसांत मी शहाण्यासारखा वागलो. जेवलो की शेताची एक फेरी. इन्सुलिन टळलं, गोळ्यांवरच भागतंय. गाव मात्र काही विसरत नाही. अजूनही मी दमून लिंबाखाली जरा आडवा झालो, की दहा मिनिटांच्या आत कोणी ना कोणी बांधावरून धावत येतं.

पण मंडळी, जिलेबी कोणी आणत नाही. साबण आणतात.